पंकजाचा पंक कसा निवडावा?

'पंकज' हा शब्द मीं माझ्या अध्यापनाच्या काळांत किती वेळां फळ्यावर लिहिला असेल, याची गणती नाहीं. पंकांत जन्मतें तें पंकज. परंतु चिखलांत जन्मणाऱ्या बेडकांना किंवा शेवाळाला कोणी पंकज म्हणत नाहीं, म्हणून हा शब्द योगरूढ, हें शास्त्रकारांचें जुनें उदाहरण मुलांना सांगतांना मला मोठें समाधान वाटे. या शब्दाचा विग्रह मला ठाऊक होता, रूढार्थ ठाऊक होता, अमरकोशाच्या वारिवर्गांतील कमळाचीं नांवें मुखोद्गत होतीं, आणि त्याच वर्गांत चिखलालाही कर्दम, जंबाल, शाद अशीं स्वतंत्र नांवें दिलीं आहेत, हेंही ठाऊक होतें. ठाऊक नव्हता तो प्रत्यक्ष चिखल. ही गोष्ट सेवानिवृत्तीनंतर, इ. स. २०२३ च्या उन्हाळ्यांत, माझ्याच परसांत सिद्ध झाली. आणि माझ्या अज्ञानाचें मोल अकरा मुक्या जिवांना द्यावें लागलें. आपल्यापैकीं अनेकांच्या अंगणांत किंवा गच्चीवर हल्लीं कमळांचीं भांडीं दिसूं लागलीं आहेत. माझी चूक त्यांच्या हातून होऊं नये, एवढ्यासाठींच हा लेखनप्रपंच.

आमचें घर साताऱ्यास. येथून कास पठार सुमारें २५ किलोमीटरांवर आहे. पश्चिम घाटांतील ज्या स्थळांचा २०१२ सालीं जागतिक वारशांत समावेश झाला, त्यांत हें पठार येतें. २०२२ च्या भाद्रपदांत मी नातीला घेऊन तेथें गेलों होतों. पठारावरील कुमुदिनी तळ्यांत शुभ्र, झालरीसारख्या पाकळ्यांचीं चिमुकलीं फुलें पाण्यावर उमललीं होतीं. ही कुमुदिनी खरें पाहतां कमळाच्या किंवा कुमुदाच्या कुळांतली नव्हे. वनस्पतिशास्त्रज्ञ तिला निराळ्या कुळांत घालतात. पण आठ वर्षांच्या मुलीला कुळाशीं काय कर्तव्य? "आजोबा, आपल्या हौदांत अशीं फुलें कां नाहींत?" असा तिनें प्रश्न केला. तेथील एकही रोप किंवा मूठभर मातीही उचलणें हा अपराध आहे, हें मीं तिला समजावून सांगितलें, आणि घरीं कमळ लावण्याचें वचन देऊन बसलों.

परसांत एक जुना दगडी हौद आहे. पुढील चैत्रांत मीं एका रोपवाटिकेंतून कमळाचा कंद आणला, व त्याबरोबर 'तयार मिश्रणा'ची एक गोणीही आणली. तें मिश्रण काळेंभोर, हलकें व भुसभुशीत होतें. नारळाच्या काथ्याचा भुसा, शेणखत, गांडूळखत व पांढरे फुगीर दाणे असा त्यांत समुच्चय होता. गुलाबाला जें मानवतें तें कमळाला कां मानवूं नये, असा तर्क करून मीं एका मोठ्या कुंडींत तें भरलें, कंद पुरला आणि कुंडी हौदांत सोडली. घटकाभरांत अर्धें मिश्रण पाण्यावर तरंगूं लागलें. नातीनें आपल्या खाऊच्या पैशांतून अकरा गप्पी मासे आणून त्यांत सोडले होते. चौथ्या दिवशीं पाणी चहाच्या रंगाचें झालें. आठव्या दिवशीं पहाटे मासे पृष्ठभागीं येऊन तोंडें उघडीत होते. नवव्या दिवशीं एकही जिवंत नव्हता. "आजोबा, तुम्हीं त्यांना काय घातलें?" एवढेंच ती म्हणाली. मला उत्तर देतां आलें नाहीं. पुढें पंधरा दिवसांनीं कंद उपटून पाहिला, तों तो कुजून बोटांत विरघळला व त्याला नासक्या अंड्यांसारखी दुर्गंधि येत होती.

असें कां झालें, याचा शोध मीं पुढील कांहीं महिने घेतला. कुंडींतल्या झाडाच्या मुळांना हवा लागते, म्हणून कुंडीची माती भुसभुशीत करावी लागते. जलवनस्पतींचा प्रकार याच्या अगदीं उलट आहे. कमळाच्या देंठांत व कंदांत पोकळ नळ्या असतात; पानांतून शिरलेला प्राणवायु त्या नळ्यांवाटे चिखलांतील मुळांपर्यंत पोंचतो. अर्थात् मातीनें हवा धरून ठेवण्याची त्याला गरजच नाहीं. त्याला हवी असते ती जड, चिकट, बुडणारी आणि कुजण्याजोगें फारसें कांहीं जींत नाहीं अशी माती. मीं घातलेल्या मिश्रणांत कुजणारे पदार्थच पुष्कळ होते. ते पाण्यांत कुजूं लागले म्हणजे पाण्यांतील प्राणवायु संपत जातो. रात्रीं सूर्यप्रकाश नसल्यामुळें शेवाळही प्राणवायु देण्याऐवजीं घेऊं लागतें. म्हणूनच मासे पहाटेच्या वेळीं अधिक तडफडतात. कच्च्या शेणखतांतून अमोनिया सुटतो, तो माशांच्या कल्ल्यांना घातक असतो. आणि पाणी जितकें उष्ण व क्षारधर्मी, तितका तो अधिक विषारी. शेवटीं, जेथें प्राणवायु उरत नाहीं तेथें गंधकाचीं संयुगें पोसणारे सूक्ष्म जंतु माजतात व हायड्रोजन सल्फाइड हा वायु निर्माण करतात. नासक्या अंड्यांचा तो वास त्याचाच. मीं मासे विष घालून मारले नव्हते हें खरें. पण परिणामाच्या दृष्टीनें अंतर थोडेंच होतें.

पंकाचें पहिलें यथार्थ ज्ञान मला एका जुन्या विद्यार्थ्याकडून झालें. संस्कृतच्या तासाला तो खिडकीबाहेर पाही, व त्याबद्दल मीं त्याला अनेकदां बांकावर उभा केला होता. आज तो आपला पिढीजात कुंभारकामाचा व्यवसाय नांवारूपाला आणून बसला आहे. माझी हकीकत ऐकून त्यानें गोणींतलें उरलेलें मिश्रण मुठींत घेतलें व हंसून म्हणाला, "गुरुजी, ही माती न्हवं, हा झाडाचा केर हाय. पान्यातल्या झाडाला बुडनारी माती लागती." मग आपल्या अंगणांतील तीन ढिगांमधील माती त्यानें माझ्या तळहातावर ठेवली व ती कशी ओळखावी हें शिकविलें. या वेळीं बांकावर उभें राहण्याची पाळी माझी होती, आणि त्यानें ती मोठ्या आदरानें टाळली.

त्याची परीक्षा अशी. मूठभर मातींतले खडे व मुळ्या काढून टाकाव्या, ती भिजवून कणकेसारखी मळावी, आणि तळहातावर वळून करंगळीपेक्षां बारीक वळी करावी. मग तिचें कडें वळावें. वळीच होत नसेल तर मातींत वाळू फार. ती खत धरून ठेवणार नाहीं. कडें गुळगुळीत, चकचकीत व एकही भेग न पडतां झालें तर माती निव्वळ चिकण. ती पाण्यांत लोण्यासारखी होऊन मुळांना जड जाते व पाणी गढूळ ठेवते. कडें होतें, पण बाहेरच्या बाजूस बारीक भेगा दिसतात, ती माती कमळाची.

दुसरी परीक्षा मीं घरीं केली, आणि ती शाळकरी मुलांकडूनही करवून घेण्यासारखी आहे. कांचेच्या सरळ बरणींत एक तृतीयांश माती घालून बाकी पाणी भरावें, चांगलें हलवावें व बरणी स्थिर ठेवावी. वाळू मिनिटा-दोन मिनिटांत तळाशीं बसते. गाळ कांहीं तासांत बसतो. चिकणमातीचे सूक्ष्म कण बसावयास एक दिवस किंवा अधिकही लागतो. मग पट्टीनें थरांची उंची मोजावी. चिकण थर एकंदरीच्या सुमारें एक तृतीयांश असला म्हणजे पुरे. वर जें तरंगत राहतें तो केर. तो बोटभर जाडीचा असेल तर ती माती पाण्यासाठीं घेऊं नये. आमच्या गोणींतलें मिश्रण या बरणींत घातलें तेव्हां जवळजवळ सगळेंच वर तरंगलें. नात तें टक लावून पाहत होती. ही परीक्षा आधीं केली असती तर बरें झालें असतें, असें तिनें बोलून दाखविलें नाहीं, याबद्दल मी तिचा ऋणी आहें.

चिकणमातीचें महत्त्व केवळ जडपणांत नाहीं. तिच्या कणांवर ऋण विद्युद्भार असतो. त्यामुळें अमोनियम, पालाश इत्यादि धनभारित पोषकद्रव्यें त्यांना चिकटून राहतात व मुळांना सावकाश मिळतात. वाळूला हा गुण नाहीं. वाळूंत घातलेलें खत पाण्यांत उतरतें, व त्यावर कमळाऐवजीं शेवाळ पोसतें. उत्तम चिकण गाळाची संरक्षणशक्ति किती असावी? चीनमधील लिआओनिंग प्रांतांत एका आटलेल्या तळ्याच्या थरांतून मिळालेलें, सुमारें १३०० वर्षांपूर्वींचें कमळाचें बीज रुजल्याचें शास्त्रज्ञांनीं १९९५ सालीं प्रसिद्ध केलें आहे. त्यांत बीजाच्या कठीण कवचाचा वांटा मोठा, हें खरें. परंतु इतकीं शतकें त्याला कुशींत घेऊन बसला तो चिखलच.

आतां आपल्याकडील मातींचा विचार करूं. देशावरची काळी माती जड व पौष्टिक, पण ती भिजली कीं फुगते आणि वाळली कीं भेगाळते. शिवाय तींत चुनखडीचे खडे पुष्कळदां असतात. कोंकण-गोव्याकडील जांभ्या दगडाची तांबडी माती लोहयुक्त व आम्लधर्मी. तींत चिकणाचें प्रमाण स्थळपरत्वें बदलतें. नदीकांठचा किंवा तळ्याचा पोयटा सर्वांत सोयीचा. मात्र तो स्वच्छ जागेचा असावा. शहरांतून वाहणाऱ्या नदीनाल्याचा गाळ कितीही सुपीक दिसला तरी घेऊं नये, कारण सांडपाणी व कारखान्यांचें मळ त्यांत साठलेले असतात. मीं शेवटीं वापरलेलें प्रमाण असें: पोयटा २ भाग, काळी माती १ भाग, आणि धुतलेली भरड वाळू अर्धा भाग. चुनखडीची परीक्षा सोपी आहे. वाळलेल्या मातीवर लिंबाचा रस किंवा शिरका टाकावा. फसफसून बुडबुडे आले तर चुना बराच आहे असें समजावें. अशा मातीनें पाणी अधिक क्षारधर्मी होतें, झाडाला लोह मिळेनासें होऊन पानें पिवळीं पडतात, आणि वर सांगितल्याप्रमाणें अमोनियाचा विषारीपणाही वाढतो.

कोणकोणते पदार्थ टाळावे, हें निक्षून सांगितलें पाहिजे. काथ्याचा भुसा, पानांचें खत, गांडूळखत व फुगीर पांढरे दाणे तरंगतात अथवा कुजतात. ते जमिनीवरच्या झाडांसाठीं ठेवावे. ज्या शेतांत तणनाशक किंवा कीटकनाशक नुकतेंच फवारलें आहे तेथील माती, रस्त्याकडेची तेलकट माती, आणि बांधकामाच्या जागेवरील सिमेंट-चुन्याची माती वर्ज्य समजावी. नवा सिमेंटचा हौदही चुना सोडतो. तो अनेकदां भरून रिकामा करावा, मगच वापरावा. मांजरांच्या मलपात्रासाठीं जी दाणेदार माती बाजारांत मिळते, ती जलवनस्पतींना चालते असें कोणी सांगतात. परदेशांत भाजलेल्या, निर्गंध मातीचे असे दाणे कांहीं लोक वापरतात हें खरें. पण आपल्याकडे मिळणारी पुष्कळशी माती बेंटोनाइटची, ओली होतांच गोळा होणारी व सुगंधी द्रव्यें मिसळलेली असते. ती पाण्यांत फुगून राड होते. वेष्टनावर नुसतें 'नैसर्गिक' असें लिहिलें आहे, एवढ्यावरून विश्वासूं नये.

गणेशोत्सवानंतर अनेक घरीं प्रश्न पडतो कीं घरच्या बादलींत विसर्जन केलेल्या मूर्तीची माती या कामीं येईल काय? शुद्ध शाडूची, न रंगविलेली मूर्ति असेल तर ती माती निरुपद्रवी आहे. परंतु शाडू निव्वळ बारीक चिकण व पोषकद्रव्यांनीं दरिद्री असल्यामुळें पोयट्यांत थोडीच मिसळावी. रंगविलेल्या मूर्तीची माती नको. रंगांत जड धातु असूं शकतात. प्लास्टर ऑफ पॅरिस तर मुळींच नको. तें माती नसून कॅल्शियम सल्फेट आहे; प्राणवायुहीन चिखलांत त्याच गंधकापासून नासक्या अंड्यांचा तो वायु तयार होतो.

खताविषयींही सावध राहावें. आमच्या आळींतील एका स्नेह्यांनीं पेंड घालण्याचा सल्ला दिला होता. मोहाच्या पेंडींत सॅपोनिन नांवाचें द्रव्य असतें, आणि मत्स्यशेती करणारे लोक नवें बीज सोडण्यापूर्वीं तळ्यांतील नको असलेले मासे मारण्यासाठींच ती पेंड वापरतात! सल्ला देणाऱ्याचा हेतु शुद्ध असला तरी त्यामुळें पेंडीचा गुण बदलत नाहीं. मोरचुदानें शेवाळ मरतें, पण मासे व गोगलगाईही मरतात. शेणखत घालावयाचेंच असेल तर निदान एक वर्ष मुरलेलें, मातीसारखें झालेलें, दहा भागांस एक भाग, आणि केवळ कुंडीच्या तळाशीं घालावें. वरचा थर खताविरहित असावा. सावकाश विरघळणाऱ्या खताच्या गोळ्या कागदांत गुंडाळून, झाडाला चार-पांच पानें आल्यावर, मातींत बोटभर खोल खुपसाव्या. वरून खत शिंपडूं नये.

माती तयार झाली म्हणजे तिचीही एक परीक्षा घ्यावी. बादलींत चार बोटें माती व वर पाणी घालून पंधरा दिवस ठेवावी. पाणी काळें झालें, फेंस आला किंवा दुर्गंधि सुटली तर ती माती बाद. पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग दिसला तर घाबरण्यापूर्वीं त्यांत काडी फिरवावी. तवंग कांचेसारखा तुटून तुकडे झाले तर तो लोहजंतूंचा, निरुपद्रवी. पुन्हां एकत्र जुळून आला तर तेल समजावें. या परीक्षेसाठीं बादलींत मासे सोडूं नयेत. माशांचे प्राण हें कांहीं परीक्षेचें साधन नव्हे. एकदां अजाणतां केलेली गोष्ट जाणून करण्यांत पाप आहे.

लागवडीसंबंधीं थोडकें सांगतों. कमळाला तळाशीं भोंक नसलेलें गोल पात्र द्यावें. कोपरे असले तर धांवता कंद कोपऱ्यांत अडकतो. पात्र ४५ ते ६० सेंटिमीटर व्यासाचें, माती १५ ते २० सेंटिमीटर. कंद आडवा ठेवून त्यावर थोडी माती लोटावी, पण टोंकाचा कोंब उघडा ठेवावा. तो मोडला तर पुष्कळदां कंदच फुकट जातो. कुमुदाच्या गड्ड्याचा माथा मातीच्या वर ठेवावा. माती आधींच पूर्ण भिजवावी, वर दोन सेंटिमीटर धुतलेल्या वाळूचा थर द्यावा, आणि मगच पात्र हळूहळू पाण्यांत उतरवावें. म्हणजे पाणी गढूळ होत नाहीं व मासे माती उकरीत नाहींत. आरंभीं मातीवर ५ ते १० सेंटिमीटर पाणी पुरे. पात्राखालीं विटा ठेवून, पानें वाढतील तसतशा त्या काढाव्या. दिवसाचें सहा तास ऊन हवें. नळाचें क्लोरीनयुक्त पाणी एक दिवस उघड्या भांड्यांत ठेवून मग वापरावें.

डांसांचा प्रश्न दुर्लक्षूं नये. सांचलेल्या पाण्यांत डेंग्यू पसरविणाऱ्या डांसांच्या अळ्या होतात, आणि आपल्या कमळाची शोभा शेजाऱ्याच्या तापाचें कारण होतां कामा नये. गप्पी मासे अळ्या खातात. म्हणून माशांना सुरक्षित अशी माती निवडणें हा केवळ भूतदयेचा नव्हे, तर घराच्या आरोग्याचाही प्रश्न आहे. लागवडीनंतर दोन-तीन आठवड्यांनीं पाणी निवळलें व वास नसला कीं मासे सोडावे. तोंपर्यंत हौदावर बारीक जाळी बांधावी. पण हे मासे नदींत किंवा तळ्यांत कदापि सोडूं नयेत. ते मूळचे परदेशचे असून आपल्या जलाशयांतील स्थानिक माशांना उपद्रव करतात.

२०२४ च्या फाल्गुनांत मीं वरील रीतीनें पुन्हां कंद लावला. कुंभारवाड्यांतला माझा विद्यार्थी स्वतः पोयटा घेऊन आला, व त्यानें भांडेंही स्वतःच्या चाकावर घडविलेलें दिलें. मासे सोडण्याचा दिवस आला तेव्हां नातीनें आधीं बरणी मागितली, हौदांतलें पाणी तींत घेऊन उजेडाकडे धरलें, नाकाशीं नेलें, आणि मगच संमति दिली. त्या अविश्वासाचा मला राग आला नाहीं. तो मींच कमावला होता. आषाढांत पहिली कळी पाण्यावर आली. कमळ सकाळीं उमलतें, दुपारीं मिटतें, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशीं पाकळ्या गळूं लागतात. ते तिन्ही दिवस आम्ही दोघें सकाळचा चहा हौदाच्या कांठावरच घेत होतों. तिसऱ्या दिवशीं तो विद्यार्थीही आला होता. नातीनें त्याला विचारलें, "काका, पंकज म्हणजे काय, सांगा पाहूं?" तो माझ्याकडे पाहून हंसला व म्हणाला, "ते गुरुजींना विचार. मला त्यातलं पयलं अक्षरच येतं."

पहिलें अक्षरच मला येत नव्हतें. पुस्तकांतून शिकलेल्या आम्हां लोकांनीं आपल्या आवडत्या शब्दांना एकदां हात लावून पाहावा, आणि ज्यांचे हात आधींच त्यांत बुडालेले आहेत त्यांना विचारावयास लाजूं नये. बागेच्या हौदांत कमळ लावूं इच्छिणाऱ्या वाचकांना व वाचकभगिनींना माझें सांगणें इतकेंच कीं, कंद विकत घेण्यापूर्वीं बरणी घ्या, मूठभर माती घ्या आणि एक दिवस वाट पाहा. एका दिवसाच्या या धीरानें पुढें कोणाच्याही नातवंडाला तो प्रश्न विचारण्याची वेळ येणार नाहीं.